जुना पिकअप, मागे ट्रेलर: आधी दारावरचं स्टिकर वाचा

अमेरिकेत जुन्या पिकअप ट्रकच्या जाहिराती चाळायला बसलं की एक आकडा हमखास ठळक दिसतो: '११,००० पाउंड ओढतो'. ट्रेलर विकणाराही तोच आकडा विचारतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "मग काय, आमचा ट्रेलर तर सहा हजारांच्या आतच आहे. निम्मी ताकदसुद्धा लागायची नाही." दोघंही खोटं बोलत नसतात. तरी या दोन आकड्यांच्या भरवशावर ट्रक घेतलेली कितीतरी कुटुंबं पहिल्याच सहलीला हैराण होतात. ट्रक मागून बसलेला, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर, आणि शेजारून एखादा अठरा चाकी ट्रक गेला की ट्रेलर डुलायला लागतो.

कारण साधं आहे. ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे सहलीला ओढून न्यायचं चाकांवरचं घर, जोडल्यावर साध्या पिकअपची ओढायची ताकद सहसा संपत नाही. त्याआधी अंगावर वजन घ्यायची ताकद संपते, जिला पेलोड म्हणतात. हा आकडा जाहिरातीत क्वचितच असतो. तो ट्रकवरच लिहिलेला असतो आणि वाचायला दोन मिनिटं लागतात.

दाराच्या चौकटीवरचा आकडा

ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर दोन लेबलं दिसतात. एकावर टायरचं माप आणि हवेचा दाब असतो, आणि तिथेच पिवळ्या पट्टीत एक वाक्य असतं: माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पाउंडांच्या वर जाता कामा नये. साधारण २००६ पासूनच्या ट्रकवर हे लेबल असतं. ते 'अमुक पाउंड' म्हणजे पेलोड.

हा आकडा मॉडेलचा नसतो, तुमच्यासमोर उभ्या असलेल्या त्या एका ट्रकचा असतो. कारखान्यातून तो ज्या सीट, ज्या काचा, ज्या चाकांसकट बाहेर पडला, ते सगळं वजा करून तो काढलेला असतो. म्हणून एकाच वर्षाच्या फोर्ड एफ-१५० मध्येही पेलोड बाराशे-तेराशेपासून खास हेवी ड्यूटी पॅकेज असेल तर तीन हजारांच्या वरपर्यंत असू शकतं. चामड्याच्या गरम होणाऱ्या सीट, छतभर काच, आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या, चारही चाकांना ताकद, या प्रत्येक चैनीचं वजन पेलोडमधून वळतं होतं. त्यामुळे दिसायला सगळ्यात रुबाबदार ट्रक बरेचदा ट्रेलरच्या कामाला सगळ्यात लेचापेचा निघतो, आणि ठेकेदाराने वापरलेला कापडी सीटचा पांढरा ट्रक त्याला मागे टाकतो.

दुसऱ्या लेबलवर जीव्हीडब्ल्यूआर असतो, म्हणजे सगळं भरून ट्रकचं एकूण वजन किती चालेल ती मर्यादा. त्याच्याखाली पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची वेगवेगळी मर्यादा. ट्रेलरसाठी यातला मागच्या ॲक्सलचा आकडा टिपून ठेवा, शेवटी वजनकाट्यावर तो लागणार आहे.

आता पेलोड कशाकशात जातं ते पाहू. ड्रायव्हर धरून आतली सगळी माणसं, कुत्रा, मागच्या हौद्यातलं सामान, ट्रेलर जोडायची हिच, आणि सगळ्यात मोठा वाटेकरी म्हणजे टंग वेट. ट्रेलरचा पुढचा दांडा ट्रकच्या मागे ज्या वजनाने टेकतो ते टंग वेट. ट्रॅव्हल ट्रेलरच्या बाबतीत ते भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. कमी चालत नाही का? नाही. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते आणि पुढे जास्त भरला की जू बैलांच्या मानेवर बसतं, तोच हिशेब इथे आहे. फरक इतकाच की ताशी ६० मैलांवर उलाळ झालेला ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि ट्रकलाच ढकलत नेतो. म्हणून 'टंग वेट जास्त होतंय तर सामान मागे सरकवू' हा उपाय करू नका.

एक उदाहरण आकड्यांत मांडतो. ट्रेलर रिकामा ५,८०० पाउंड, सामानसुमान भरून ७,०००. त्याचे १३ टक्के, म्हणजे ९१० पाउंड टंग वेट. वजन विभागणारी हिच ९० पाउंड. आई-वडील आणि दोन मुलं मिळून ४६०. हौद्यात जनरेटर, सायकली, लाकडं, कूलर असं २००. बेरीज १,६६०. ट्रकच्या दारावर लिहिलंय १,४५०. ओढायच्या क्षमतेत अजून चार हजार पाउंड शिल्लक आहेत, पण ट्रक २१० पाउंडांनी आधीच जास्त भरलाय.

हेच गणित उलटं केलं की खरेदीसाठी जास्त उपयोगी पडतं. १,४५० मधून माणसं, सामान आणि हिच वजा करा. उरले ७००. त्याला ०.१३ ने भागा. उत्तर येतं सुमारे ५,४००. म्हणजे या कुटुंबासाठी हा 'अकरा हजारांचा' ट्रक प्रत्यक्षात भरलेल्या ५,४०० पाउंडांच्या ट्रेलरचा आहे. जाहिरात बघितली की विक्रेत्याकडे पहिल्यांदा दारावरच्या स्टिकरचा फोटो मागा. टाळाटाळ करणाऱ्याकडे जायची तसदी घेऊ नका.

ट्रेलरच्या बाजूचा सापळा म्हणजे 'ड्राय वेट'. माहितीपत्रकातलं हे वजन बहुधा पाणी, सामान आणि बरेचदा बॅटरीही न धरता दिलेलं असतं. त्या वजनाचा ट्रेलर रस्त्यावर कधीच नसतो. एक गॅलन पाणी ८.३ पाउंड भरतं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पाउंड वाढले. प्रोपेनच्या दोन भरलेल्या टाक्या आणि बॅटरी तर थेट पुढच्या दांड्यावर बसतात, त्यामुळे माहितीपत्रकातलं टंग वेटही खरं ठरत नाही. ट्रेलर अजून ठरला नसेल तर त्याचा स्वतःचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरून जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा धरून हिशेब करा. थोडा जास्त येईल, पण नंतर ताप होणार नाही.

वजन विभागणारी हिच काय करते, काय करत नाही

ट्रकच्या टोकाला हजार पाउंड टेकले की मागचा भाग बसतो आणि पुढची चाकं हलकी होतात. पुढच्या चाकांवरच स्टिअरिंग आणि ब्रेकची बरीच भिस्त असते, म्हणून हे धोक्याचं. वजन विभागणाऱ्या हिचमध्ये दोन ताठ स्प्रिंग-दांडे असतात. ते ताणून बसवले की मागच्या ॲक्सलवरचं काही वजन पुढच्या ॲक्सलकडे आणि काही ट्रेलरच्या चाकांकडे परत जातं. बहुतेक चांगल्या हिचमध्ये ट्रेलरचं डुलणं रोखायची सोयही असते. अर्धा टन ट्रक (एफ-१५० सारखा नेहमीचा पिकअप) आणि मोठा ट्रेलर असेल तर ही हिच ऐच्छिक समजू नका. बऱ्याच ट्रकच्या मागच्या रिसिव्हरवर, म्हणजे हिच अडकवायच्या चौकोनी खोबणीवर, दोन आकडे असतात: ट्रेलर नुसत्या जोडायच्या गोळ्यावर टेकवला तर किती आणि ही हिच लावून किती. पाच हजारांच्या वर गेलं की ही हिच हवीच असं कितीतरी ट्रकच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं.

पण हिच लावून दारावरचा आकडा वाढत नाही. मागे हवेच्या पिशव्या बसवून घेतल्या तरी वाढत नाही. पिशव्यांनी ट्रक समतल दिसतो, एवढंच. ॲक्सल, चाकं, ब्रेक, चेसिस सगळं होतं तेच राहतं. "एअरबॅग टाकल्यात, आता हजार पाउंड जास्त घेतो" असं विक्रेता सांगायला लागला तर तो ट्रक आतापर्यंत कसा वापरला गेलाय हे तुम्हाला आपोआप कळलं.

ते अकरा हजार येतात कुठून

ओढायच्या क्षमतेचा आकडा पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढायची, आणि शेजाऱ्यापेक्षा शंभर पाउंड जास्त छापायची चढाओढ असायची. मग एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे२८०७ नावाची एकच चाचणी ठरवली. टोयोटाने ती २०११ च्या टुंड्रापासून लावली आणि आकडा खाली आला तरी छापला. फोर्ड, शेव्हरोले आणि रॅम यांचे अर्धा टन ट्रक २०१५ च्या आसपास तिथे पोचले. म्हणून २०१२ च्या ट्रकचा आकडा २०१८ च्या ट्रकशेजारी ठेवून तुलना करण्यात फारसा अर्थ नाही.

चाचणी मात्र खरी कसोटीची आहे. ॲरिझोनात कोलोराडो नदीवर डेव्हिस धरण आहे. तिथून राज्य मार्ग ६८ वाळवंटातून सलग ११.४ मैल चढत जातो. भर उन्हाळ्याचं तापमान, एसी पूर्ण जोरात, आणि ट्रकने पूर्ण वजन ओढत ताशी ४० मैलांच्या खाली येता कामा नये. यात इंजिन, गिअरबॉक्स आणि रेडिएटर यांचा कस लागतो. पण आत माणसं धरलेली असतात फक्त दोन, प्रत्येकी १५० पाउंडांची, आणि टंग वेट १० टक्केच. मुलं, सायकली, लाकडं यांतलं काहीही नाही. तुमची सहल त्या चाचणीसारखी नसते, म्हणून तो आकडा कागदावरच राहतो.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात ठसठशीत सांगत नाहीत, ती म्हणजे वारा. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे आठ फूट रुंद आणि दहा-अकरा फूट उंच भिंत. तेवढ्याच वजनाची बोट त्याच ट्रकमागे निमूट येते, ट्रेलर मात्र ताशी ६५ मैलांच्या वर प्रत्येक मैलाला इंजिनाला झुंजवतो. एरवी गॅलनला २० मैल देणारा पेट्रोल ट्रक ट्रेलर लावला की ९-१० वर येतो. यात ट्रकचा दोष नाही, मात्र लहान टाकी असेल तर दर दोनशे मैलांच्या आत पंपावर थांबायची तयारी ठेवा. जुन्या ट्रकमध्ये २३ गॅलनची टाकी आहे की ३६ ची, हा प्रश्न म्हणून विचारायचा.

डोंगरात अजून एक कात्री लागते. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांवर साधारण तीन टक्के ताकद गमावतं. कोलोराडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांवर आहे. तिथपर्यंत साधं व्ही८ इंजिन जवळपास एक तृतीयांश ताकद घालवून बसलेलं असतं. टर्बो असलेली इंजिनं, पेट्रोल असोत की डिझेल, इथे बरीच तग धरतात. रॉकी पर्वतात वारंवार जाणार असाल तर हा मुद्दा वर आणा. फ्लोरिडात फिरणाऱ्याने विसरला तरी चालेल.

अर्धा टन की पाऊण टन

एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० यांना अर्धा टन म्हणतात. २५० किंवा २५०० म्हणजे पाऊण टन, ३५० किंवा ३५०० म्हणजे एक टन. ही नावं जुन्या काळातली, प्रत्यक्ष क्षमतेशी आता त्यांचा संबंध उरलेला नाही, पण पायऱ्या तशाच आहेत. पाऊण टन ट्रकला वेगळी चेसिस, जाड ॲक्सल, मोठे ब्रेक आणि दहा प्लायच्या (थरांच्या) तोडीचे टायर असतात. तो रिकामा चालवताना धक्के देतो, पार्किंगमध्ये अडतो, जास्त पितो. मागे ट्रेलर लावला की मात्र त्याच्या वजनाचा आणि ताठपणाचा अर्थ कळतो. ट्रेलर ट्रकला हलवत नाही.

माझं मत सांगायचं तर, भरलेला ट्रेलर पाच हजारांपर्यंत असेल तर चांगला अर्धा टन पुरतो. पाच ते सात हजारांच्या मध्ये अर्धा टन घ्यायचा तर टोइंग पॅकेजवाला, म्हणजे कारखान्यातच ओढायची तयारी केलेला, आणि स्टिकरवर निदान १,७०० पाउंड पेलोड असलेलाच शोधावा. सातच्या वर, किंवा घरात चार-पाच मोठी माणसं असतील, तर उगाच गणिताशी झटापट न करता पेट्रोल इंजिनाचा पाऊण टन घ्यावा. जुन्या बाजारात मला तरी हाच सगळ्यात शहाणा सौदा वाटतो. फोर्डचं ६.२ लिटर, शेव्हरोले-जीएमसीचं २०१९ पर्यंतचं ६.० लिटर आणि २०२० पासूनचं ६.६ लिटर पेट्रोल, रॅमचं ६.४ लिटर हेमी. ही इंजिनं चढावर ओरडतात, पेट्रोल पितात, पण साधी आहेत आणि कुठल्याही गावात दुरुस्त होतात.

डिझेलबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे की डिझेल म्हणजे जास्त पेलोड. उलट आहे. डिझेल इंजिन शेकडो पाउंडांनी जड असतं, आणि पाऊण टन ट्रकची एकूण मर्यादा बरेचदा १०,००० पाउंडांवर अडवलेली असते. मग ते वजन पेलोडमधूनच जातं. आलिशान डिझेल एफ-२५० च्या दारावर दोन हजारांच्या आसपासचा आकडा बघून लोक चक्रावतात, आणि त्याच वर्षाचा साधा पेट्रोल एफ-२५० हजारभर पाउंड जास्त घेतो. डिझेलचा खरा फायदा उतारावर आहे. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्याच अडथळ्याने वेग रोखायची सोय) लावला की सात टक्क्यांच्या उतारावरही पाय ब्रेकवर न ठेवता ट्रेलर ताब्यात राहतो. वर्षातून दोनदा तलावावर जाणाऱ्याने त्यासाठी एवढे पैसे घालावेत का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी घालणार नाही.

गिअर रेशो हा पुढचा प्रश्न, म्हणजे चाकाच्या एका फेरीसाठी ड्राइव्ह शाफ्ट किती फेऱ्या घेतो. मागच्या ॲक्सलचा ३.२१ किंवा ३.०८ रेशो म्हणजे मायलेजसाठी केलेला ट्रक, ३.७३ किंवा ३.९२ म्हणजे ओढायला केलेला. त्याच रॅम १५०० ची ओढायची क्षमता या एका फरकाने दोन-अडीच हजार पाउंडांनी बदलू शकते. जीएमच्या २०१८ पर्यंतच्या बऱ्याच ट्रकमध्ये ग्लव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर तीन अक्षरी कोड असतात: जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३, आणि एनएचटी दिसला तर कमाल टोइंग पॅकेज आहे. फोर्डच्या दारावरच्या लेबलवर ॲक्सलचा कोड असतो, तो तक्त्यात शोधायचा. नाहीतर व्हीआयएन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन डीलरकडून मूळ बिल्ड शीट काढून घ्या. 'टोइंग पॅकेज आहे' हे जाहिरातीतलं वाक्य म्हणजे नुसता मागे बसवलेला चौकोनी रिसिव्हरही असू शकतो. खऱ्या पॅकेजात गिअरबॉक्सचा मोठा कूलर, सात पिनांचा सॉकेट आणि डॅशबोर्डवर ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर यांतलं बरंच काही येतं. कंट्रोलर नसेल तर बाहेरून बसवता येतो, त्यासाठी सौदा मोडू नका. ब्रेकच नसलेला मोठा ट्रेलर ओढणं मात्र कायद्यातही बसत नाही. कॅलिफोर्नियात १,५०० पाउंडांपासून आणि कितीतरी राज्यांत ३,००० पासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात.

आधीच्या मालकाने काय काय केलंय

नव्या ट्रकच्या बाबतीत दारावरचा आकडा खरा असतो. जुन्या ट्रकच्या बाबतीत तो कारखान्यातून निघालेल्या दिवशी खरा होता. त्यानंतर हौद्यावर फायबरग्लासचं टोपर बसलं असेल, त्याचे दीडशे-दोनशे पाउंड गेले. पोलादी बंपर, विंच, हौद्यात टूलबॉक्स, स्टिकरला यातलं काही कळत नाही, तुम्हाला वजा करावं लागतं.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे उंच केलेला ट्रक. समजा ३.७३ रेशोचा, मूळ ३२ इंची टायरचा ट्रक आहे आणि मालकाने हौसेने ३५ इंची टायर घातलेत. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर जातं, म्हणजे इंजिनाला वाटतं की गिअर लांब झाला. ३.७३ ला ३२ ने गुणून ३५ ने भागा, हातात राहतो ३.४१. पैसे मोजलेत ३.७३ चे. शिवाय ट्रक उंच झाल्याने हिच खूप खाली सोडावी लागते, आणि जड टायर थांबवायला ब्रेक तेच जुने. असा ट्रक दिसायला झकास असतो, तो ज्याला दिसण्यासाठी हवा त्याला घेऊ द्यावा.

टायर बदलले असतील तर प्रकारही बघा. नाव 'पी' ने सुरू होत असेल तर ते मोटारीचे मऊ बगलेचे टायर, 'एलटी' असेल तर ट्रकचे. मऊ बगल असली की ट्रेलर प्रत्येक झुळकेला ट्रकचा मागचा भाग इकडून तिकडे ढकलतो. बगलेवर डीओटी पुढे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी कोरी दिसत असली तरी सहा-सात वर्षांचे टायर बदलायचे पैसे भावातून कापून घ्या.

इंजिनांच्या खोडी ज्ञात आहेत, त्या थोडक्यात. फोर्डचं २००४ ते २०१० मधलं तीन व्हॉल्व्हचं ५.४ लिटर इंजिन स्पार्क प्लग काढताना मोडण्यासाठी आणि कॅम फेझरच्या (व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या भागाच्या) खडखडाटासाठी प्रसिद्ध आहे. फोर्डचंच ३.५ लिटर टर्बो इंजिन, इकोबूस्ट, ओढायला बहारदार, पण सुरुवातीच्या वर्षांत टायमिंग चेन ताणल्याच्या तक्रारी आहेत. जीएमच्या व्ही८ मध्ये निम्मे सिलिंडर बंद करायच्या यंत्रणेचे लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) जातात, आणि २०२१ ते २०२४ च्या ६.२ लिटर इंजिनावर २०२५ मध्ये रिकॉल निघाला, म्हणजे दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावल्या. रॅमच्या हेमीची टिकटिक कधी नुसत्या तुटलेल्या एक्झॉस्ट बोल्टची असते, कधी लिफ्टर आणि कॅमची, आणि दुरुस्तीच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो. टुंड्राचं २०२१ पर्यंतचं ५.७ लिटर टिकाऊ पण तहानलेलं. फोर्डची २००३ ते २००७ ची ६.० आणि २००८ ते २०१० ची ६.४ लिटर डिझेल इंजिनं कितीही स्वस्तात मिळाली तरी ओळखीच्या मेकॅनिकशिवाय घेऊ नयेत.

डिझेलमध्येच 'डिलीट केलेला' ट्रक भेटतो, म्हणजे धूर स्वच्छ करायची यंत्रणा काढून टाकलेला. मालक ते गुण म्हणून सांगतो. ते संघराज्याच्या स्वच्छ हवा कायद्याविरुद्ध आहे आणि धुराची तपासणी असलेल्या राज्यात असा ट्रक नोंदणीत अडकतो.

बघायला जाल तेव्हा

इंजिन गार असताना सुरू करायला मिळेल अशी वेळ ठरवा. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन खडखडाट लपवतं. मग खाली वाका. बर्फावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतून आलेल्या ट्रकची चेसिस हातोडीने हलकेच वाजवून बघा. निरोगी पोलाद खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं आणि पोपडे पडतात. ताजा काळा रंग मारलेला असेल तर जास्त वेळ वाजवा. रिसिव्हरचं भोक ताणून लांबट झालंय का, सात पिनांच्या सॉकेटमध्ये हिरवा गंज आहे का, हौद्यात फिफ्थ व्हीलच्या (हौद्यातच जोडायच्या मोठ्या ट्रेलरच्या) पट्ट्यांची भोकं आहेत का, हे सगळं ट्रक काय ओढत होता ते सांगतं. ओढलेला ट्रक वाईट नसतो. गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचं तेल कधी बदललं याची पावती नसलेला ओढलेला ट्रक वाईट.

चालवताना टो-हॉल मोड (ओझं ओढताना लावायची गिअरबॉक्सची सेटिंग) लावा, जवळच्या सगळ्यात मोठ्या चढावर न्या आणि गिअर बदलताना थरथर किंवा घसरण जाणवते का ते बघा. खाली उतरताना तो स्वतःहून गिअर उतरवतो का तेही बघा. व्हीआयएन नंबर एनएचटीएसए या सरकारी रस्ते सुरक्षा संस्थेच्या साइटवर फुकट टाकून रिकॉल तपासता येतो, एनआयसीबी या विमा कंपन्यांच्या संस्थेच्या साइटवर चोरीची आणि भंगारात गेल्याची नोंद. पुरात बुडालेला ट्रक कागदावर स्वच्छ करून दुसऱ्या राज्यात विकायचा धंदा जुना आहे, म्हणून सीट-बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते नक्की बघा. शंभर-दोनशे डॉलर देऊन त्रयस्थ मेकॅनिककडून तपासून घेण्याला नकार देणारा विक्रेता सोडून द्यावा.

वजनकाटा

ट्रक आला, ट्रेलर आला, पहिली सहल ठरली की हिशेब वहीतून रस्त्यावर आणायचा. मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. काट्याला वेगवेगळे पत्रे असतात: पुढची चाकं एकावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर येतील असं उभं राहायचं. काही डॉलरांत तीन वेगवेगळ्या वजनांची पावती मिळते. सहलीला निघाल्यासारखं सगळं भरून, मुलांना आत बसवून, टाकी पूर्ण भरून जा. एकदा ट्रेलर जोडून आणि हिचचे दांडे ताणून वजन करा. मग ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून नुसत्या ट्रकचं करा.

पहिल्या पावतीतलं मागच्या ॲक्सलचं वजन दाराच्या लेबलवरच्या मागच्या ॲक्सलच्या मर्यादेशी ताडून बघा, आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलची बेरीज जीव्हीडब्ल्यूआरशी. दोन्ही पावत्यांतला पुढच्या ॲक्सलचा फरक हिच नीट बसली आहे की नाही ते सांगतो: ट्रेलर जोडल्यावर पुढचं वजन दोनशे-तीनशे पाउंडांनी उतरलं असेल तर दांडे अजून ताणायला हवेत, किंवा हिचचं डोकं थोडं मागे झुकवायला हवं. तिन्ही ॲक्सलच्या एकूण बेरजेतून नुसत्या ट्रकचं वजन वजा केलं की ट्रेलरचं खरं वजन हातात येतं. ते जवळजवळ नेहमीच घरी धरलेल्या आकड्यापेक्षा जास्त असतं, आणि मग पाण्याची टाकी कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर भरायची, लाकडं तिथेच विकत घ्यायची, असे निर्णय आपोआप होतात.